मातृभाषेचा रकाना

निधी, मुकुंद, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुमचा बाबा मधेच म्हणतो, "आई, थोडक्यात सांग," आणि थोडक्यात सांगितलं की माझं म्हणणं म्हणजे एका हट्टी म्हातारीची कुरकुर होऊन बसते. म्हणून समास सोडून, ओळीत, सावकाश लिहिते आहे. तुमच्या आईनं रविवार खर्ची घालून तुम्हाला नागरी वाचायला शिकवलं, त्याचाही काही उपयोग व्हावा. तिची मराठी नाशिकची. माझी ही कागदावरची मराठी पुस्तकांतून आलेली. घरात आम्ही बोलतो ती तिसरीच, तिला तुम्ही लहानपणी हसायचात. आत्ताच लिहायचं कारण असं, की इथे मासी हा तमिळ महिना लागला आहे आणि पेपरात खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची, बातमी आहे. ही दोन्ही एकत्र आली की मला एक जुनी सकाळ आठवते, आणि यंदा त्या सकाळीबद्दल मला जाब द्यावा लागला.

तुम्ही तिकडे बर्फ उपसत असाल. इथे मासीत ऊन अजून सोसवतं. कावेरीचं पाणी उतरतं, मेलकावेरीच्या घाटाच्या शेवटच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावरचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे निघतात. सांब्याचं, म्हणजे थंडीतल्या भाताचं, पीक घरात आलेलं असतं. तिरुनीलक्कुडीच्या रस्त्यावर पेंढा पसरलेला असतो, त्याच्यावरून बस गेली की खिडकीतून तो गोडसर, धुळीचा वास आत येतो आणि पुढे स्टँडपर्यंत अंगाला चिकटून राहतो. गावातल्या मोठ्या कुंडाकडे मघा नक्षत्रावरच्या स्नानाची गर्दी जमू लागते. आम्ही गच्चीवर जुनं धोतर अंथरून वडाम घालतो, तुमची आई ज्यांना पळीपापड म्हणते ते. हिंग, हिरवी मिरची, लिंबू, आणि तांदळाच्या शिजलेल्या पिठाची वाफ. वाळत आलेला, अजून आत ओला असलेला वडाम चोरून खायचा असतो. माझं वय पाऊणशेच्या पुढे आहे आणि मी अजून चोरूनच खाते.

याच महिन्यात, मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या पुढच्या वर्षी, खानेसुमारीवाला आला होता.

त्याच्याआधी बातम्यांविषयी दोन शब्द. मी पेपरातली कात्रणं ठेवते हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन फायली आहेत. एकीवर 'पाहू' लिहिलंय, दुसरीवर 'शंका', तिसरीवर 'फार शंका'. 'पाहू' सगळ्यांत बारीक आहे. परवाची बातमी अशी, की यंदाची खानेसुमारी मोबाइलवर होणार, कागद नाहीत, आणि हवं तर माणसानं आपली माहिती आपणच भरावी. बाबाचा लगेच फोन आला. "आई, तू त्रास घेऊ नकोस, मी इथून भरतो." मी म्हटलं, "तू तिथे बसून या घरात कोण काय बोलतं ते भरणार?" तो म्हणाला, "त्यात काय आहे? यादीतून निवडायचं." तीच तर माझी शंका आहे. यादी कुणीतरी आधी केलेली असते. आपल्याला वाटतं आपण निवडलं.

दुसरं कात्रण: आता यंत्राला देशातल्या सगळ्या भाषा कळतात. सगळ्या, असा शब्द छापला आहे. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आहे, माझ्या प्राध्यापिकेनं 'सगळे' हा शब्द वापरला की पुरावा मागायची सवय लावली. तिसरं: विसराळूपण आता टॅबवर पाच मिनिटांत मोजता येतं. ते 'फार शंका'मध्ये गेलं, का ते पुढे कळेल. माझं यंत्रांशी वैर नाही. डोळ्यांत बसवलेल्या भिंगांमुळे मी हे लिहिते आहे, आणि कानातल्या यंत्रामुळे गच्चीवरच्या कावळ्यांना वेळेवर हाकलते. जे यंत्र मला ऐकवतं त्याच्याबद्दल तक्रार नाही. जे मला ऐकल्याचं सांगतं, त्याच्याकडे मी दोनदा बघते.

तर तो खानेसुमारीवाला. तुमच्या आजोबांचे वडील, माझे मामंजी, गणिताचे हेडमास्तर. आलेला गृहस्थ त्यांचाच जुना विद्यार्थी, म्हणून ओट्यावर चटई, लोट्यातून कॉफी, सगळं साग्रसंगीत. त्याच्या मांडीवर लाकडी फळी आणि तिच्यावर चादरीएवढा कागद. मी दाराआड उभी, नवी सून. हातात वडामाची पळी होती, पीठ वाळून कडक होत होतं, पण ऐकायचं सोडवत नव्हतं. नाव, वय, शिक्षण. मग त्यानं तमिळमधून विचारलं, "सार, मातृभाषा?"

मामंजी तमिळमधूनच म्हणाले, "तमिळ. लिही."

हे तुम्हाला समजायला तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या आमच्या घरांची एक रीत सांगायला हवी. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. इतकी घट्ट, की बोलता बोलता माणूस उंबरा ओलांडतो आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग तमिळमध्ये पुरा करतो, त्याला स्वतःला पत्ताही लागत नाही. आणि परका माणूस आत आला, तर तो असेपर्यंत घराच्या आतही तमिळच. परक्यासमोर घरची बोली काढणं म्हणजे परकर वाळत घातलेली दोरी त्याला दाखवण्यासारखं. हे कुणी शिकवत नाही. मला माझ्या तिरुविडैमरुदूरच्या माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी बाबाला कधी शिकवलं नाही. पण त्यालाही येतं.

त्या सकाळी ती रीत मोडली अक्कांनी. अक्का म्हणजे माझी नणंद, तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुम्ही त्यांना खुर्चीत बसलेल्याच पाहिलंत. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातांत दोऱ्या, आणि तोंडात दिवसभर तमिळ आणि इंग्रजी. अर्ध्या गावाचे आवाज त्यांना पाठ होते. पहाटेची ड्यूटी संपवून त्या ओट्याच्या पायरीवर चढल्या आणि त्यांनी ते ऐकलं. त्या परक्या माणसासमोर, स्वच्छ घरच्या मराठीत त्या म्हणाल्या, "अप्पा, खोटें कां सांगतां?"

मामंजींनी मान वर केली नाही. म्हणाले, "उळ्ळे पो." आत जा, एवढाच त्याचा अर्थ. पण ते तमिळ होतं. लेकीच्या मराठीला बापानं तमिळमध्ये उत्तर दिलं, ते तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. अक्का आत आल्या, माझ्यासमोरून गेल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळून पळीवरचं पीठ खरवडत राहिले.

दुपारी जेवताना मामंजी आपण होऊन म्हणाले, "कागद कोणाच्या हातीं जातो, तुला ठाऊक आहे? मला नाहीं." ते घाबरट नव्हते. पण थोड्याच वर्षांपूर्वी हिंदीविरोधी आंदोलनात स्टेशनावरच्या नागरी अक्षरांवर डांबर फासलेलं त्यांनी पाहिलं होतं. आपली अक्षरं तीच. हिंदी कोणती, मराठी कोणती, हे डांबराच्या ब्रशाला कोण समजावणार? आपण तीनशे वर्षं इथलं पाणी पितो, इथल्या माणसांनी आपल्याला कधी परकं म्हटलं नाही, मग आपण होऊन वेगळं का नोंदवून घ्यायचं? हा त्यांचा हिशेब. गणिताचे मास्तर होते, आणि मला तो अचूक वाटला. संध्याकाळी गच्चीवर वडाम उलटताना मी अक्कांना माझं बी. ए. ऐकवलं. म्हटलं, "अक्का, कागदावर काय लिहिलं त्यानं घरात काय बदलतं?"

त्या म्हणाल्या, "पद्मे, मी दिवसभर चुकीचा नंबर लागलेल्या लोकांना ऐकत्यें. पहिल्यांदा सगळे असेंच म्हणतात, काय बदलतें."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. एक कडक झालेला वडाम त्यांनी मोडला आणि अर्धा मला दिला.

पुढे मीच त्या हिशेबाची पक्की कारकून झाले. बाबाच्या शाळेचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, तुमच्या आजोबांचे आणि अक्कांचे इस्पितळातले कागद, जिथे जिथे मातृभाषेचा रकाना आला तिथे मी सुवाच्य अक्षरात 'तमिळ' लिहिलं. भीती म्हणून नव्हे. आधीच्या कागदाशी नंतरचा कागद जुळावा म्हणून. नीटनेटकेपणा हाही एक प्रकारचा आळस असतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता अक्का नव्वदीला टेकल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं इंग्रजी गेलं. म्हणजे काही वाक्यं उरली, पूजेनंतर ताम्हनात फुलं उरतात तशी. गेल्या वर्षी तमिळ जाऊ लागलं. दूधवाला हाक मारतो, "पाट्टी, सौख्यमा?", म्हणजे आजी, बऱ्या आहात ना, आणि त्या त्याच्याकडे अशा पाहतात जणू समोरच्या किनाऱ्यावरून कुणी काही ओरडतंय. ज्यांनी गावाला गाव जोडून दिलं त्यांच्या दोऱ्या एकेक सुटत गेल्या, आणि आत जी सगळ्यांत जुनी होती ती तेवढी राहिली. रोज सकाळी विचारतात, "पद्मे, पाणी आलें कां?" आलं म्हटलं की समाधान.

यंदा मासी लागला त्याच आठवड्यात सेल्वी आली. सेल्वी आरोग्यसेविका आहे, आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांकडे घरोघर जाते. चांगली मुलगी, चपला बाहेर ओळीत काढते. तिच्या टॅबवर ती पाच मिनिटांची परीक्षा होती. तिनं अक्कांचं नाव टाकलं. टॅबनं मागचे कागद शोधले, मातृभाषा तमिळ असं वाचलं, आणि गोड तमिळमध्ये प्रश्न सुरू केले. आज वार कोणता? हे पाच शब्द लक्षात ठेवा. अक्का टॅबकडे पाहत राहिल्या. टॅबनं प्रत्येक प्रश्नाला ठरलेला वेळ थांबून पुढचा विचारला. शेवटी लाल पट्टी आली: तीव्र. कुणी काही सांगितलेलं कळत नाही, प्रतिसाद नाही.

तो अहवाल डॉक्टरांकडे गेला, आणि बाबाकडेही, कारण त्याचा ईमेल मीच दिला होता. दुसऱ्या दिवशी फोन. "आई, डॉक्टर म्हणतात तंजावरच्या वृद्धनिवासात जागा आहे. तुझंही वय झालंय. त्यांना आता घर आणि बाहेर यात फरक कळत नाही, रिपोर्टमध्येच आहे."

"त्या निवासात मराठी कोण बोलतं?"

"आई, त्या काहीच बोलत नाहीत. टॅबनं मोजलंय."

"टॅबला त्यांनी का उत्तर द्यावं? ओळख ना पाळख."

"मशीनशी तुझं काय वैर आहे?"

वैर मशीनशी नव्हतं. तमिळ कुणी लिहिलं होतं ते मला माहीत होतं. ते त्याला सांगायला मला चार दिवस लागले. तुम्हाला आज सांगते आहे.

मी सेल्वीला परत बोलावलं. म्हटलं, परीक्षा मराठीत घे. तिला आश्चर्य वाटलं. "मामी, तुम्ही मराठी? इतकी वर्षं कधी बोलला नाहीत." यादीत मराठी होती, हे कबूल केलं पाहिजे. सेल्वीनं निवडली. टॅबमधून एका तरुण बाईचा स्वच्छ आवाज आला, "कृपया पुढील शब्द लक्षपूर्वक ऐका." अक्का एकदम ताठ बसल्या. उजवा हात कानाकडे गेला. आणि त्यांच्या जुन्या, ड्यूटीवरच्या, लोण्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "होल्ड द लाइन, प्लीज."

सेल्वी हसली, मीही हसले, टॅबनं शून्य दिलं. मग पडद्यावर चित्र आलं, ही वस्तू कोणती. टेलिफोनचं चित्र होतं, हल्ली काढतात तसं, नुसता वाकडा रिसीव्हर. अक्कांनी ते निरखून पाहिलं आणि पुटपुटल्या, "तार कोठें आहे याची?" टॅबनं त्यालाही शून्य दिलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चूक फक्त रकान्यात नव्हती. आवाज परका होता. सेल्वी परकी होती. परक्यासमोर घरची बोली काढायची नाही, ही रीत त्यांच्या हाडांत होती. तमिळ विसरल्या, इंग्रजी विसरल्या, पण त्या दोन्ही भाषा कशासाठी होत्या ते विसरल्या नव्हत्या. एकदाच मोडली होती त्यांनी ती रीत, आणि त्यांना आत जा म्हणून सांगण्यात आलं होतं.

मी सेल्वीला म्हटलं, "तू दाराआड उभी राहा. त्यांना दिसू नकोस." आणि मी वडामाचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, रोज बसते तशी.

"अक्का, महिना कोणता चालला आहे?"

"मासी. पीठ पातळ केलें आहेस."

"मी पाच वस्तू सांगते, ध्यानात ठेवाल?"

"कोण येणार आहे? सामान आणायचें आहे कां?"

"हो. लिंबू, हिंग, मीठ, साबण, वात."

मग मी मुद्दाम इतर बोलले, गच्चीवरचे कावळे, शेजारच्या घरातलं लग्न. थोड्या वेळानं विचारलं. त्या म्हणाल्या, "लिंबू, मीठ, वात." थांबून, "आणि साबण त्या बाईकडचा नको, फेंस येत नाहीं." चार आल्या. पाचवी मागितली तर रागावल्या, "तूं कशाला विसरत्येस सगळें?" मग मी विचारलं, "आई कुठे आहेत?" त्या सहज म्हणाल्या, "नदीवर गेली आहे. बेगीन येईल."

सासूबाईंना जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली.

दाराआडून सेल्वी बाहेर आली. ओट्यावर बसून मी तिला एकेक उत्तर तमिळमध्ये करून सांगू लागले. तिनं लिहून घेतलं, मग पेन थांबवलं. "मामी, राग मानू नका. त्या काय बोलल्या ते मला एक अक्षर कळलं नाही. तुम्ही सांगाल तेच खरं, हे मी कशावरून मानू? तुम्हाला त्या घरी हव्या आहेत."

पोरांनो, आयुष्यभर मी पेपरातल्या प्रत्येक बातमीला हा प्रश्न विचारला. मला तो कुणी पहिल्यांदाच विचारला. आणि प्रश्न योग्य होता. मी आतापर्यंत चार वस्तूंबद्दल सांगितलं होतं, पिठाबद्दल सांगितलं होतं. नदीबद्दल सांगितलं नव्हतं. मनात एक वाक्य तयारसुद्धा होतं, 'आईची आठवण काढत होत्या.' फार नीटनेटकं वाक्य होतं. जुन्या कागदांशी जुळणारं.

मी म्हटलं, "लिहून घे. सासूबाई नदीवर गेल्या आहेत असं त्या म्हणाल्या. सासूबाई वारल्या आहेत." सेल्वीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग बाकीचं सगळं न विचारता लिहिलं.

टॅबमध्ये शेऱ्यासाठी जेवढी जागा होती तेवढ्यात ते मावेना, म्हणून तिनं वहीचं पान फाडून डॉक्टरांकडे नेलं. टॅबमधली लाल पट्टी तशीच आहे, ती बदलत नाही म्हणे. डॉक्टर मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः आले, मी अक्कांशी बोलत असताना अंगणात उभे राहून ऐकत होते. त्यांनाही मराठी येत नाही. पण एका माणसाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं, एवढं कुठल्याही भाषेत ऐकू येतं. म्हणाले, "आजार आहेच, वाढणारही आहे. पण यांना बोलायला माणूस आहे तोवर हलवू नका." तंजावरच्या निवासाला नाही म्हणून कळवलं. अक्कांच्या कागदांवरचा रकानाही मी खोडून पुन्हा लिहिला. खाडाखोड झाली. माझ्या हातची पहिलीच.

बाबा अजून साशंक आहे. "आणि तू पडलीस तर?" असं विचारतो. ती शंका खरी आहे, असं मी त्याला सांगितलं. खानेसुमारीची माहिती त्यानं तिकडून भरायची नाही, हेही सांगितलं. कुणी फोन घेऊन दारात आलं, तर मी ओट्यावर जाईन आणि माझ्या तोंडानं सांगेन. मामंजींचा संशय खोटा नव्हता. कागद कुणाच्या हाती जातो हे मलाही ठाऊक नाही, आणि आता तर कागदही नाही. माझा संशय त्यांच्यापेक्षा कमी झालेला नाही. फक्त मी त्यात एक गोष्ट वाढवली आहे: आपण लिहिलेलं आपल्याच माणसाच्या हाती जातं, कधीतरी, पन्नास वर्षांनी.

काल वडाम डब्यात भरले. तुमच्या आईसाठी वेगळा डबा काढला आहे, मिरची कमी घातलेला. अक्का समोर बसून मोडलेले तुकडे वेचत होत्या आणि मी किती पातळ पीठ केलं ते मला पुन्हा सांगत होत्या.

या घरात आता दोन माणसं आहेत. दोघीही मराठी बोलतात. एकीला आज वार कोणता हे माहीत नाही, पण तिला काही विचारलं तर ती उत्तर देते.